फुकटच्या सात दिवसांची चौकशी

तो प्रसंग अजून आठवतो, आणि आठवला की तोंड कडू होतं. तसं माझ्या नोकरीत आठवण्यासारखं रग्गड आहे. मी पकडलेले चोर एकामागे एक उभे केले तर रांग इंदिरानगरातून निघून त्र्यंबकेश्वराच्या दारात पोहोचेल, आणि त्यातले निम्मे देवापुढेही माझंच नाव घेऊन रडतील. मी नुसता खाकरलो की कोठडीतला माणूस स्वतःचा गुन्हा कबूल करायचा आणि वर शेजारच्याचाही सांगायचा. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. मी फक्त त्यांना अधूनमधून आठवण करून देतो.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षातलं हे प्रकरण मात्र कुणी सांगत नाही. म्हणून मलाच लिहावं लागतंय.

सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं पासबुक. एका कॉलेजच्या कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. इंदिरानगरात फ्लॅट, मुलगा परदेशात, बायको दोन वर्षांपासून अर्धांगवायूने अंथरुणाला. त्यांचं नाव सांगत नाही. ठाण्यात सगळे त्यांना काका म्हणायचे, आपणही तेच म्हणू.

"साहेब, माझ्या कार्डावरून चोरी झालीय," काका म्हणाले. "आणि चोर कोण, तेही मला माहीत आहे."

तक्रारदार चोर सोबत घेऊनच आला की पोलिसाने सावध व्हायचं असतं. मी मात्र खुर्ची पुढे ओढली.

आदल्या दुपारी काकांच्या फोनवर दोन मेसेज आले होते. आधी दोन रुपये गेले. मिनिटाभरात नऊ हजार. पुढे इंग्रजीत कुठल्यातरी कंपनीचं विचित्र नाव, वाचताना जीभ अडखळेल असं.

"ओटीपी कुणाला दिलात?"

"आलाच नाही, तर देऊ कुणाला?"

"कार्डाचा नंबर कुठे टाकला होता? काही खरेदी?"

"छे. मी भाजीसुद्धा रोखीने घेतो."

"मग कार्ड तुमच्याशिवाय कोण हाताळतं?"

काकांनी आवाज खाली आणला. "बाई आहे आमच्याकडे. हिचं सगळं तीच करते. माझे गुडघे हे असे. एटीएमला तिलाच पाठवतो. पिन तिला पाठ आहे."

झालं. माझ्या डोक्यात तपास तिथेच पुरा झाला. घरफोड्या आधी कडी हलवून बघतो, आत कुणी खोकलं नाही तर मग कुलूप तोडतो. दोन रुपये म्हणजे कडी हलवणं, नऊ हजार म्हणजे कुलूप. हा सिद्धान्त मी काकांना असा ऐकवला की ते बिचारे मान डोलावून डोलावून थकले. बँकेलाही पत्र धाडलं. पण बँकेचं उत्तर येईपर्यंत गंगापूर धरण दोनदा भरून रिकामं होतं, म्हणून मी त्याची वाट पाहिली नाही.

योगायोग असा की त्या बाईचं नाव मला ओळखीचं वाटलं. तिचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्याच टेबलावर होता. एका मोठ्या रुग्णालयात कंत्राटदारामार्फत वॉर्डात आया भरायच्या होत्या. ठरलेला पगार, सुट्टी, फंड. चार घरी अंगं पुसून चाळिशी गाठलेल्या बाईला पहिल्यांदा पगाराची पावती मिळणार होती, फक्त पोलिसांचा दाखला महिनाअखेरपर्यंत द्यायचा होता. अर्ज स्वच्छ होता, सही तेवढी बाकी होती. मी तो वरच्या ट्रेमधून उचलून खालच्या ट्रेमध्ये ठेवला.

कायद्याने बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यावा लागतो, ठाण्यात बोलवायचं नसतं. हे मला ठाऊक होतं, नव्या शिपायांना मीच शिकवायचो. पण त्यातून वाट काढण्यात आमचा हात धरणारा कुणी नाही. "साहेबांनी सहज बोलावलंय म्हणा," असं सांगून मी हवालदाराला गाडी देऊन पाठवलं. अकरा वाजता गाडी तिच्या गल्लीत उभी राहिली. नळाला पाणी यायची वेळ होती. सगळी गल्ली भांडी हातात धरून बघत होती.

ती आली. ठेंगणी, पदर खोचलेला, हाताला फिनेलचा वास. बाजूला महिला शिपाई बसवली. समोर मी माझी प्रसिद्ध फाईल ठेवली. हातभर जाडीची, वर तिचं नाव, आत नुसते कोरे कागद. ह्या फाईलकडे बघून भलेभले पोपटासारखे बोलले आहेत.

तिने फाईलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एवढं काय लिवलंय माझ्यावर?"

"तूच सांग."

"साहेब, मला चोरायचे असते तर कार्डातून कशाला? दर महिन्याला एटीएममधून काकांचे वीस-पंचवीस हजार माझ्या हातात येतात. तेव्हा नसते का पळाले?"

"हुशार आहेस."

"हुशार नाय. पळाले असते तर काकूंना कूस कोणी बदलली असती?"

खरं तर इथेच मी उठायला हवं होतं. बाईच्या बोलण्यात जो तपास होता तो माझ्या फाईलीत नव्हता. पण पस्तीस वर्षं खाकी घातली की समोरच्याचं बरोबर बोलणं हा सराईतपणाच वाटायला लागतो.

"माझ्या दाखल्याचं काय झालं साहेब?" तिने जाताना विचारलं.

"आधी नऊ हजारांचं बोल. मग दाखल्याचं."

तिचा फोन मी ड्रॉवरमध्ये ठेवून घेतला. पंचनामा नाही, पावती नाही. तिला आणखी तीन दिवस बोलावलं. रोज गाडी, रोज गल्ली. ती रोज तेच सांगायची, मी रोज तेच विचारायचो.

पाचव्या दिवशी काका उड्या मारतच आले, गुडघ्यांसकट. "साहेब, कमाल केलीत. नऊ हजार परत आले."

फोनवर खरंच मेसेज होता. रक्कम जशीच्या तशी जमा. मी मिशीवरून हात फिरवला आणि सगळ्या ठाण्याला चहा सांगितला. हात न लावता, आवाज न चढवता चोरीचा माल परत, असा तपास जिल्ह्यात झाला नव्हता. दुपारपर्यंत ही गोष्ट मी सात जणांना सांगितली. सातव्याला सांगताना ती बाई आंतरराज्य टोळीची म्होरकी झाली होती.

महिला शिपाई तेवढी गप्प होती. वयाने माझ्या मुलीएवढी, सायबरचं प्रशिक्षण घेऊन आलेली.

"सर, कुणी पैसे टाकले असते तर कुणी टाकले ते दिसलं असतं. हे आपोआप सुटल्यासारखं वाटतंय."

"आपोआप फक्त केस पांढरे होतात," मी म्हणालो. ठाणं हसलं. मी खालच्या ट्रेमधला अर्ज काढला आणि त्यावर लिहिलं: अर्जदाराविरुद्ध चोरीची तक्रार, चौकशी सुरू, अभिप्राय प्रतिकूल. खाली झोकात सही.

दोन दिवसांनी मी तिला शेवटचं बोलावलं. बेत उदार होता. माल मिळाला, आता माफीनामा लिहून घ्यायचा आणि सोडून द्यायचं. काकांनाही बोलावलं होतं. ते तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

"लिही," मी पेन पुढे सरकवलं. "चूक झाली, पुन्हा होणार नाही. मी गुन्हा दाखल करत नाही."

"न केलेलं कसं लिहू?"

"पैसे मग परत कसे आले?"

"ते मला काय ठावं? मला तर गेले कसे ते बी ठावं नाय."

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. नऊ हजार पुन्हा गेले होते. तीच कंपनी, तेच अडखळणारं नाव.

बाईचे दोन्ही हात टेबलावर होते. तिचा फोन माझ्या ड्रॉवरमध्ये होता आणि ड्रॉवरची किल्ली माझ्या खिशात. तिने माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "साहेब, आता मी कुठं हाय?"

अट्टल गुन्हेगारांनी मला शिव्या दिल्या आहेत, एकाने सुरा दाखवला आहे. त्यातलं काही एवढं लागलं नाही.

महिला शिपायाने न विचारता काकांचा फोन हातात घेतला आणि त्यांची मेल उघडली. न वाचलेल्या पत्रांचा डोंगर. त्यातलं एक तिने मोठ्याने वाचलं. गाणं शिकवणाऱ्या आणि गाण्यांचे ट्रॅक देणाऱ्या एका परदेशी ॲपने काकांचं स्वागत केलं होतं. सात दिवस मोफत. तारीख पहिल्या मेसेजचीच.

"काका, हे तुम्ही घेतलं होतं?"

"ते तर फुकट होतं."

"कार्डाचा नंबर दिला होता?"

"दिला म्हणजे, त्यांनी मागितला. बटणावर लिहिलं होतं, फुकट म्हणून. फुकटच्या गोष्टीला कार्ड दिलं असं कसं सांगणार? आणि आवडलं नाही म्हणून पाचव्या दिवशी मी ते फोनमधून काढूनसुद्धा टाकलं. विषय संपला."

तिने समजावून सांगितलं. दोन रुपये घेतले ते कार्ड जिवंत आहे का बघायला. नऊ हजार आधी गेलेच नव्हते, कंपनीने वर्षाच्या फीइतके ते कार्डावर अडवून ठेवले होते. मुदत भरल्यावर सुटले, तेच आम्ही परत आलेला माल समजलो. फोनमधून ॲप काढलं म्हणजे दुकानाची पाटी डोळ्यांआड केली एवढंच, दुकान चालूच होतं. नको असल्याचं त्यांना वेगळं कळवायचं असतं. कळवलं नाही, म्हणून सात दिवस संपले आणि फी वसूल झाली. मुलाकडे जाऊन आल्यापासून कार्ड परदेशात चालू ठेवलं होतं, आणि परदेशी कंपनीला ओटीपी न मागताही पैसे ओढता येतात, म्हणून तोही आला नाही.

"तुम्हाला एकदाही शंका आली नाही?" मी विचारलं.

काका बराच वेळ पासबुकाची पिशवी नीट करत राहिले. "आली होती. दुसऱ्याच दिवशी. पण ज्येष्ठांच्या कार्यक्रमात मला एक युगुलगीत म्हणायचं होतं. हिला असं पडलेलं ठेवून म्हातारा गाणी म्हणतोय, लोक काय म्हणतील? आणि मग तुम्हीच म्हणालात की बाईचंच काम आहे. तुम्ही एवढे अनुभवी."

बाई ऐकत होती. "मला विचारलं असतं तर म्हटलं असतं, काकूंनाच सांगा," ती म्हणाली. "त्यांना तुमचं गाणं आवडतं. तुम्ही न्हाणीघरात म्हणता तेव्हा डावा हात हलवतात."

काकांनी तोंड फिरवलं.

गुन्हा कुणावर दाखल करायचा? त्या ॲपच्या अटी आम्ही शोधल्या. राखाडी पाटीवर राखाडी अक्षरं, मुंगीने चष्मा लावून वाचावीत अशी. काकांनी सगळ्यांना होकार दिला होता. कंपनीचं कार्यालय सात समुद्रांपलीकडे, त्याला दार नाही, खिडकी नाही, नोटीस चिकटवायला भिंत नाही. मी ठाण्याच्या नावाने खरमरीत मेल पाठवली. क्षणात उत्तर आलं, आपलं म्हणणं आमच्यासाठी मोलाचं आहे. इतकी वर्षं खाकीत काढली, पण असं कुठल्या आरोपीने मला लिहून दिलं नव्हतं.

अभिप्राय मी त्याच दुपारी बदलला आणि कंत्राटदाराला स्वतः फोन लावला. जागा दोन दिवसांपूर्वी भरली होती. "बाईंची पोलीस केस आहे म्हणून कळलं साहेब," तो अदबीने म्हणाला. कुणाकडून कळलं, हे मी विचारलं नाही. मी ज्या सात जणांना गोष्ट सांगितली होती, त्यांनी आणखी सातांना सांगितलीच असणार. बाकीच्या तीन घरांनीही तिला येऊ नको म्हणून सांगितलं होतं.

काका म्हणाले, "झालं गेलं विसर. उद्यापासून ये."

"काकूंना दर दोन तासांनी कुशीवर वळवा," ती म्हणाली. "उशी मांडीखाली ठेवा. मी नाय येणार."

मी तिचा फोन परत दिला आणि तिची माफी मागितली. तीही साहेबी थाटात, अर्धी. तिने ऐकून घेतली.

"साहेब, माफी राहू द्या. तुम्ही चार दिवस माझ्या गल्लीत गाडी आणली. तशीच एकदा आणा. याच कपड्यात या, पाण्याच्या वेळेला, आणि सांगा की ही चोर नाय. बस."

मी हो म्हणालो.

गेलोसुद्धा. तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, स्कूटरवर, चौकड्यांच्या शर्टात. गल्लीत शुकशुकाट होता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला सांगितलं की त्या बाईचा काही दोष नव्हता. तो साखर तोलत होता. "असं होय," म्हणाला आणि पुडी बांधायला लागला. मला त्याने ओळखलंच नाही. मी पोलीस आहे हे मीही सांगितलं नाही. गणवेश त्या दिवशी घरी खुंटीला होता, इस्त्री केलेला. नोकरीचे आठ महिने बाकी होते, गाडीही माझ्याच हुकमाखाली होती.

ह्या प्रकरणाने मला काय शिकवलं? लोकांना वाटतं मी सांगेन की फुकटच्या जागी कार्डाचा नंबर देऊ नका. ते तर कुणीही सांगेल, आणि ऐकणार कुणी नाही. मी त्या कंपनीला आजही शिव्या देतो. आत घेताना एक बटण, बाहेर पडताना बारा दारं, असा तिचा धंदा. पण कुणावर आळ घालायला मला एक सकाळ पुरली, आणि तो उतरवायला जे दार उघडायचं होतं ते मी स्वतःच्या हाताने बंद ठेवलं. कंपनीने निदान अटी लिहून ठेवल्या होत्या. मी तेवढंही केलं नाही.

ती बाई आता दिंडोरीच्या बाजूला द्राक्षांच्या पॅकिंगला जाते, असं महिला शिपायाकडून कळलं. हंगाम असेल तेवढेच दिवस काम. पहाटे टेम्पो नेतो, संध्याकाळी आणून सोडतो. त्या कामाला पोलिसांचा दाखला लागत नाही.