सुटलेला धागा

उल्हासनगरात सोनोग्राफीच्या रांगेत मी बाहीचा सुटलेला धागा ओढत होते. "ओढू नका ताई, उसवेल," शेजारची बाई म्हणाली आणि पर्समधल्या कात्रीने तिने तेवढाच धागा कापला. जीन्सच्या कारखान्यात ती हेच करायची. जीन्सच्या रंगाने नखंही निळी झालेली.

बोलता बोलता तिने सांगितलं, मागे गर्भ पडल्यावर तिचं रक्त थांबेना. गर्भपिशवीत रक्तवाहिन्यांचा गुंता निघाला. घरचे म्हणाले, पिशवीच काढा. ही हटली नाही. डॉक्टरांनी मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून गुंत्यातल्या तेवढ्याच वाहिन्या बंद केल्या.

"दिवस राहतील याची गॅरंटी नव्हती," ती म्हणाली. "पण धागा सुटला म्हणून अख्खी पँट कोण फेकतं?"

तिचा नंबर आला. बाहेर आली ती डोळे पुसतच. मी घाबरून उठले.

"बाळाचे ठोके ऐकले, ताई! आमच्या शिलाई मशीनपेक्षा फास्ट पळतात."