आधी फळ्या

मी भित्रा माणूस आहे. सुताराने असं लिहू नये, पण खरं ते खरं. करवतीची मला भीती वाटत नाही, बोट जाईल याचीही नाही. लाकूड वाया जाईल याची वाटते. एकदा चीर गेली की गेली, ती काही परत मिटत नाही. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, उभा जन्म रंधा मारून म्हातारे झाले. ते यावरून मला कायम डिवचत. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हंत्यात," असं म्हणत, "तुझ्यापाठी तर त्येचं समदं खानदान हाय."

अशा माणसाकडे डॉक्टरांची गाडी आली.

चौसाळ्याला हायवेच्या कडेला आमचं पत्र्याचं दुकान आहे. मागे लिंबाचं झाड, शेजारी एका वेल्डिंगवाल्याचं शेड. अंबाजोगाईच्या एका निवृत्त डॉक्टरांनी ती गाडी टेंपोच्या मागे बांधून आणली. जुनी परदेशी व्हॅन. आत झोपायला बाकडं, इवलंसं कपाट, शेगडीची जागा. घर बरोबर घेऊन हिंडायची गाडी. कधीकाळी कुणी गोरं जोडपं ती चालवत इकडे आलं आणि पुण्यात विकून विमानाने परत गेलं, असं डॉक्टर सांगत. इंजिनाचं काम नंतर दुसरीकडे व्हायचं होतं. माझ्याकडे फक्त छत होतं.

छताला नऊ फळ्या. फळ्या कसल्या, भाकरीच्या पापुद्र्याएवढं पातळ लाकूड, गाडीच्या घाटाप्रमाणे वाकवून बसवलेलं. धुराने आणि ओलीने काळं पडलेलं. डॉक्टर म्हणाले, "छत मूळचंच पाहिजे. नवीन प्लाय ठोकून द्यायला मला कुणीही भेटला असता." ते चांगलंच बोलले, पण भीती माझ्या वाट्याला आली. असलं लाकूड आपल्याकडे मिळत नाही. एक फळी मोडली असती तर तिच्या जागी लावायला अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नव्हती.

तरी मी काम घेतलं. वीस वर्षं मी किचनच्या ट्रॉल्या आणि सनमायकाचे वॉर्डरोब करतोय. खऱ्या लाकडाला हात लावून किती दिवस झाले होते, ते माझं मलाच आठवत नव्हतं. आबांच्या डोळ्यांदेखत एक तरी काम त्यांच्या तोडीचं करावं, अशीही हाव होती. ती कबूल करायला मला आता लाज वाटत नाही.

फळ्या उतरवायलाच चार दिवस गेले. एकेक स्क्रू सुटताना मी श्वास धरून ठेवायचो. प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलने आकडा टाकला. जुनं पॉलिश काढायला मशीन लावायची माझी छाती झाली नाही, वरचा पापुद्रा उडाला असता. फुटक्या काचेच्या कडेने हळूहळू खरवडत बसलो. रात्री स्वप्नात फळी तडकायची आणि मी दचकून उठायचो. बायको म्हणाली, "पोटच्या पोरीच्या लग्नाला इतका घोर लावला न्हवता तुमी जिवाला."

काळं निघालं आणि खालून मधाच्या रंगाचं लाकूड वर आलं. आबांनी बोट फिरवून पाहिलं. म्हणाले, "ह्येला तुमचं ते चकाकनारं पॉलिश नगं. जवसाचं तेल पाज." घाण्यावरचं तेल त्यांनी स्वतः तापवून दिलं. देताना आणखीही काहीतरी सांगितलं. मी हो हो म्हणालो. माझं सगळं ध्यान फळ्यांकडे होतं.

एप्रिलचा महिना. त्या दिवशी सकाळपासून मी जुन्या धोतराच्या चिंध्या तेलात बुडवून नऊही फळ्या पुसल्या आणि गाडीतच आडव्या मांडून ठेवल्या. अकरा वाजता वारं सुटलं आणि फुफाटा उडायला लागला. ओल्या तेलावर धूळ बसली तर संपलंच. मी खिडक्या लावल्या. तेलकट चिंध्या पायात येत होत्या, त्या एका बारदान्याच्या पोत्यात दाबून बसवल्या आणि पोतं बाकड्याखाली सारलं. मला बीडला जायचं होतं. जुन्या खाचेचे पितळी स्क्रू तिथल्या एकाच दुकानात मिळतात.

आबांना दुपारी त्या गाडीतल्या बाकड्यावर झोपायचा नाद लागला होता. त्यांचे गुडघे गेलेले, चढवायला-उतरवायला माणूस लागतो. मीच त्यांना हात देऊन वर चढवलं. म्हणालो, "आबा, दार लावून घेतो. धूळ येईल फळ्यांवर." ते म्हणाले, "घे की. मी काय पळून चाललोय?" मी दार ओढून घेतलं आणि एसटी पकडली.

मांजरसुंबा मागे पडलं तेव्हा मला झोप लागत आली होती. पुढच्या सीटवरच्या बाईचं लेकरू रडत होतं. मी तोंडावरून हात फिरवला आणि हाताला जवसाच्या तेलाचा वास आला. त्या वासाबरोबर आबांचं ते बोलणं आठवलं, मी नुसतं हो हो म्हणालो होतो ते. "चिंध्या दोरीवर मोकळ्या वाळत घाल, न्हाईतर पान्यात बुडव. गोळा करून ठिवू नगंस, जवसाचं तेल आपूआप पेटतं."

मी सीटवरून उठून उभा राहिलो. आबांच्या उमेदीच्या काळात एका सुताराचं दुकान असंच जळलं होतं. काडी लावली नाही, बिडी ओढली नाही, नुसत्या चिंध्या. लहानपणी मी ती गोष्ट दहा वेळा ऐकली होती. आणि मी चिंध्या दाबून भरल्या होत्या, खिडक्या लावल्या होत्या, वर पत्र्याची गाडी उन्हात तापत होती. पोत्याच्या बरोबर वर आबा झोपले होते.

मी वेल्डिंगवाल्याला फोन लावला. तीनदा रिंग वाजून थांबली. चौथ्यांदा त्याने उचलला.

"काय बे मिस्त्री, कुटं हायस?"

"गाडीचं दार उघड!" मी ओरडलो. सगळी एसटी माझ्याकडे बघायला लागली. "बाकड्याखाली पोतं हाय, ते पेटतंय! आधी फळ्या भाईर काढ. फळ्या! दोन्ही हातांनी धर, वाकवू नगं, आधी फळ्या..."

पलीकडे तो पळत असल्याचा आवाज आला. मग दार सरकल्याचा. मग तो म्हणाला, "आन् आबा?"

मी तोंड उघडलं आणि फोन बंद पडला. घाट लागला होता. रेंज गेली होती.

मी बंद फोनमध्ये "आबा, आबा" करत राहिलो. कंडक्टरने घंटी ओढली आणि मला घाटातच उतरवलं. "घरी आग लागलीय" एवढंच मी सांगू शकलो. भर उन्हात रस्त्यावर उभा राहून येईल त्या गाडीला हात करत होतो. पाच-सहा गाड्या तशाच गेल्या. शेवटी एका कांद्याच्या टेंपोवाल्याने घेतलं. रेंज आल्यावर फोन लावत राहिलो. वाजायचा, कुणी उचलत नव्हतं. बायकोला लावला, ती माहेरी गेलेली, तिला काहीच माहीत नव्हतं. तिला काय सांगावं हे न कळून मी फोन ठेवून दिला.

त्या अर्ध्या तासाएवढा मी जन्मात कधी भ्यालो नाही. उठता न येणारे आबा आणि भोवती धूर, हेच डोळ्यांपुढे. त्यात मधेच, नको म्हणतानाही, पाचव्या नंबरची फळी दिसायची, तिचा एक कोपरा मुळातच नाजूक होता. मी स्वतःच्या मांडीवर बुक्की मारली. टेंपोवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि गाडी जरा जोरात घेतली. चौसाळ्याच्या अलीकडे आभाळात धुराचा लोट दिसला, तेव्हा मी डोळेच मिटून घेतले. टेंपोवाला म्हणाला, "बांध पेटीवलाय कुनीतरी." खरंच बांध होता.

दुकानापाशी माणसं जमली होती. गाडी उभी होती. दारातून पाणी गळत होतं, बाकडं एका बाजूने कोळशासारखं काळं झालं होतं. लिंबाखाली बाजेवर आबा बसले होते. दोन्ही हात कोपरापर्यंत बादलीत. शेजारी, धुतलेल्या चादरीवर, सावलीत, नऊ फळ्या. एकीलाही ओरखडा नव्हता.

मी आबांच्या पायाशी बसलो. त्यांनी हात पाण्यातून वर काढून दाखवले. बोटांवर टपोरे फोड आले होते. "पोतं भाईर फेकलं," म्हणाले, "तवा लागलं जरासं."

वेल्डिंगवाल्याने मला बाजूला घेतलं. तो चिडला होता. "उतरंनात बे. म्या खांद्याला धरून वडतोय, आत धूर, ठसका लागलेला, तरी उतरंनात. एकेक फळी माझ्या हातात द्येत बसले. म्हनले, पोरगं काय म्हनलं ते ऐकलं न्हाईस का, आधी फळ्या."

"त्यांना काय म्हाईत मी काय म्हनलो ते?"

"माझे हात काजळीचे असत्यात. फोन कायम स्पीकरवरच असतो माझा."

दवाखान्यात आबांच्या दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्या. डॉक्टरांची गाडी महिन्याभराने गेली. मी नव्याने करून दिलेल्या बाकड्यावर आडवं होऊन त्यांनी छताकडे बराच वेळ पाहिलं आणि माझी पाठ थोपटली. एवढं कौतुक माझ्या कुठल्याच कामाचं झालं नव्हतं. आबा तेव्हा दुकानातच होते. बघायला उठले नाहीत.

पण सांगायची आहे ती त्याच दिवशीची संध्याकाळ. आबांना हाताने जेवता येत नव्हतं. मी दुधात भाकरी कुस्करली आणि घास भरवायला बसलो. दुपारपासून एक वाक्य मी मनात घोळवत होतो. घाबरल्यावर माणसाच्या तोंडून काहीही निघतं, त्याला अर्थ नसतो, असं काहीसं. ते शहाणपण ओठांवर आलंच नाही. तिसऱ्या की चौथ्या घासाला मी एवढंच म्हणालो, "आबा, मी लई भ्यालतो."

आबांनी घास गिळला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हाईत हाय. ऐकलं की म्या."

आणि पुढच्या घासासाठी त्यांनी तोंड उघडलं.