चढावरची वाइन आणि ताटभर तळलेले मासे

काकूचा पारा सकाळी सहालाच चढला होता, आणि त्याला कारण होतं बाटलीच्या मागचं लेबल. ‘गोड सॉसमधल्या कोळंबीसोबत उत्तम.’ गोड! ज्या गाढवाने हे लिहिलं त्याने ही वाइन चाखली तरी होती का?

चाखली नव्हतीच, सगळी गोम तिथेच होती. काका होते तोवर या घरात रीत वेगळी होती. बाटल्या भरायच्या आधी काका टाकीतून मगभर वाइन काढून थेट स्वयंपाकघरात यायचे. काकू चार-पाच पदार्थ रांधून ठेवायची. दोघं समोरासमोर बसून एक घास, एक घोट असं करत जायची आणि शेवटी काकू निकाल द्यायची. यंदा हिला लोणी मानवतंय, यंदा टोमॅटो लांब ठेवा. मगच लेबल छापायला जायचं. खडकाळ चढावरची ही व्हाइट वाइन, आंबट आणि शेवटी जराशी खारट. दरवर्षी तिचे नखरे निराळे. सव्वीस वर्षं ते नखरे काकूने ओळखले होते.

काका गेले आणि कारभार पुतण्याकडे आला. त्याने शहरातून एक तज्ज्ञ धरून आणला. त्या शहाण्याने द्राक्षं वेलीवर असतानाच लेबलं छापून घेतली.

“अरे, गोडासोबत ही आंबटढाण लागते,” काकूने सांगून पाहिलं.

“काकू, तू फक्त रांध. आज हॉटेलांचा खरेदीदार येतोय. त्याने घेतली तर ठीक, नाहीतर चढावरच्या वेली उपटून लाल द्राक्षं लावणार. ठरलंय माझं.”

त्या वेलींचे खड्डे काकांनी स्वतः खणले होते. काकूने कोळंबी अशी सोलली की जणू पुतण्याच हाती लागला होता.

दुपारी खरेदीदार आला. जाडजूड, मोजकं बोलणारा माणूस. त्याने कोळंबी खाल्ली, वर एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“फारच आंबट आहे हो.”

“त्या चढाचाच दोष आहे,” पुतण्या हसत म्हणाला. “काढूनच टाकतोय तो मळा.”

दाराशी उभ्या असलेल्या काकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोष म्हणे! कामगारांच्या जेवणासाठी तिने छोटे मासे कुरकुरीत तळून ठेवले होते, वर जाडं मीठ, बाजूला लोणी लावलेले उकडलेले बटाटे. तिने ते ताट उचललं आणि खरेदीदारापुढे आदळलं.

“हे खा. मग प्या. आणि मग बोला.”

माणूस दचकला, पण खाऊ लागला. एक मासा, एक घोट. मग दुसरा, तिसरा. ग्लास संपल्यावर त्याने आपल्या हातानेच भरून घेतला.

“हीच बाटली?”

“हीच,” काकू म्हणाली.

“वा! हा मेळ कोणी जमवला?”

“आमचे तज्ज्ञ आहेत ना,” पुतण्या निर्लज्जपणे बोलून मोकळा झाला.

“छान. आणि चीज कुठलं द्यायचं हिच्याबरोबर?” खरेदीदाराने वही काढली.

पुतण्या काकूकडे बघायला लागला. काकू शांतपणे खुर्ची ओढून त्यांच्यातच बसली.

“आधी वेलींचं सांग. राहणार का जाणार? यांच्यासमोर सांग.”

“राहतील.”

“मोठ्याने.”

“राहतील, काकू!”

“शेळीच्या दुधाचं,” काकू खरेदीदाराला म्हणाली. “ताजं. फार मुरलेलं नको.”

तो लिहून घेऊ लागला. वेली वाचल्या होत्या, लेबलही बदलणार होतं. पण काकूचा राग काही उतरेना. सव्वीस वर्षं तिची जीभ या घराला पुरली होती, आणि आज घरच्या पोराला ते पटायला एका परक्या माणसाला तीन मासे खावे लागले होते.