झडपेतला वास

आमच्या गाडीला वास येतो हे तोंडावर सांगितलं ते कट्टा गावच्या एका शाळामास्तरीणबाईंनी. नाकाला पदर लावून त्या अर्ध्या वाटेत उतरल्या आणि पुढे चालत गेल्या. मी गाडीतच होते. अंगाची लाही लाही झाली. पण बाई खोटं कुठे बोलत होत्या? वास होताच.

साठच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. नवरा जहाजावर इंजिनखोलीत तेल घालायच्या कामाला होता, वर्ष वर्ष घराचं तोंड बघायचा नाही. मग साठवलेल्या पैशांतून त्याने मुंबईहून एक जुनी व्हॅन आणली आणि मालवण ते कट्टा उतारू न्यायला लागला. "दिवाळीपर्यंत चलली तर रवतंय, नायतर परत जहाज," असं पहिल्याच दिवशी सांगून मोकळा झाला. तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नव्हता. गाडीत किती माणसं चढली ते बघायला मी नाक्यापर्यंत जायची आणि गाडी अर्धी रिकामी गेली की दिवसभर भांडी आपटायची.

सासू मात्र थंड. सासरे होते तोवर त्यांची होडी होती. ते गेल्यावर ती सुक्या मासळीची पाटी घेऊन कट्ट्याच्या बाजाराला जायची, आता आमच्याच गाडीतून. जहाजाचा विषय निघाला की म्हणायची, "गेल्यार काय वायट? सगळ्या बायकांचे घोव जातत." हिला मुलगा गेलेलाच हवाय, असं मी धरून चालले होते. त्यामुळे वासाचं खापर मी बिनदिक्कत तिच्या पाटीवर फोडलं. "आये, तुमची पाटी आजपासून गाडयेत नको," म्हटलं. ती त्या आठवड्यापासून बैलगाडीने जायला लागली.

वास होता तिथेच. मग आम्ही दोघं इरेला पेटलो. बाकं काढून उन्हात टाकली, पत्रा न् पत्रा सोड्याच्या पाण्याने घासला, लिंबं चोळली, ऊद जाळला. ऊद आणि घाण मिळून असं काही भयंकर झालं की खुद्द नवऱ्यालाच मळमळलं. रस्त्याकडेला गाडी उभी करून तो दगडावर बसला. "विकून टाकतंय," म्हणाला. दिवाळी तोंडावर आलेली. मला रडू आलं आणि त्याचा रागही आला, दोन्ही एकदमच.

त्या रागातच मी ओरडले, "पावसात नव्हतो तो वास! मगे आता खंयसून इलो?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. पावसाळाभर समोरच्या काचेखालची वाऱ्याची झडप बंद असायची. बाहेरून तिथे मोठ्या फटींची एक जाळी होती. झडप उघडली की जाळीतून वारा शिरून आत पायांशी निघायचा. ती उघडली होती चतुर्थीनंतर, उकाडा वाढला तेव्हा. त्याने झडप बंद करून गाडी थोडी पुढे नेली. वास कमी झाला. उघडली, तर भपकाराच आला.

घरी येऊन त्याने जाळीचे स्क्रू काढले. आतल्या पेटीत काळं पाणी तुंबलं होतं आणि पाणी जायचं भोक तांदळाने गच्च बुजलेलं होतं. कुजलेले तांदूळ, बुरशी आलेले खोबऱ्याचे तुकडे, जास्वंदीची फुलं. मासळीचं एक खवलंसुद्धा नव्हतं.

सासू दारात उभी होती. तिचा चेहरा बघून मला काय ते कळलं.

"आये, ह्या काय?" नवऱ्याने विचारलं.

"गाडयेची नाळ ती," ती म्हणाली. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. होडी लोटण्याआधी तिथे गाऱ्हाणं घालून, म्हणजे देवाला साकडं घालून, नारळ ठेवतात. "तुझ्या बापाशीच्या होडयेर ठेवी होतंय, तसाच रोज सकाळी गाऱ्हाणा घालून ठेवलंय. थंय सगळा समुद्र घेय. हेका समुद्र खंय आसा, ता माझ्या ध्यानातच नाय इला."

"पण गाऱ्हाणा कसला?"

"तू हयंच रवाचंस म्हणान."

नवरा खाली मान घालून स्क्रू पुसत बसला. मी घरात गेले आणि चुलीवर पाणी ठेवलं.

तारेने भोक मोकळं केलं, पेटीत कढत सोड्याचं पाणी ओतलं, ती कडक उन्हात वाळू दिली आणि रात्री आत कोळसे ठेवले. वास गेला. बाजाराच्या दिवशी सासूची पाटी मी स्वतः टपावर चढवली. ती म्हणाली, "उतारू बोंबलतीत." मी म्हटलं, "बोंबलांदेत."

दिवाळी गेली, गाडी राहिली. उतारू एकेक करून परत आले, मास्तरीणबाईसुद्धा. सासू आता पुढच्या चाकाशी वाळूत नारळाचं भकल, म्हणजे फोडलेली अर्धी वाटी, ठेवायची आणि गाडी गेली की कावळे ते न्यायचे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण मुंबईहून कुणी जहाजवाला गावात आला की मी काहीतरी काम काढून नवऱ्याला घरी बोलावून घ्यायचीच.

एका सकाळी सासू तापाने पडून होती. बाहेर गाडी सुरू झाली तशी आतून तिची हाक आली, "गो, गाऱ्हाणा कोण घालतलो?"

मी भकल घेऊन धावत बाहेर गेले. चाकाशी वाकले, तर गाऱ्हाण्याचा एक शब्द आठवेल तर शपथ. वर नवरा हॉर्न वाजवत होता. मी भकल वाळूत दाबलं आणि म्हटलं, "ह्यांका हयंच ठेव."