बायजाआजीच्या गाण्यांना पाच रुपये

वसईच्या मिठागरांकडच्या गावांत बायजाआजीशिवाय लग्न लागत नसे. ती धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवळा, तिला तोंडपाठ. पुढे दम्यानं गाठलं. दोन ओळी झाल्या की श्वास संपायचा. नशीब, त्याआधीच आमच्या माणिकपूरच्या वाचनालयानं तिची गाणी कॅसेटवर भरून घेतली होती. गावातल्या पोरी ती घरी नेऊन शिकायच्या.

मी तिथे पुस्तकं द्यायला बसायचे. अठ्ठ्याण्णव साली समितीनं ठरवलं, पुस्तकं फुकट, पण गाण्यांच्या आणि सिनेमांच्या कॅसेटला आठवड्याला पाच रुपये. समितीचंही अगदीच चूक नव्हतं. सिनेमे नेणारे टेप चुरगाळून आणत आणि वर साळसूद चेहरा करून उभे राहत. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. धवळे शिकायला पोरींना घरून पाच रुपये कोण देणार? त्या यायच्याच बंद झाल्या. मला फार राग आला होता.

एका सकाळी आजीच धापा टाकत आली. बरोबर तिच्या भावाची नात हर्षाली.

"गला माजा, न पैसे पोरींकडून?" तिनं दारातूनच विचारलं.

कार्यवाह सुधाकरराव माझ्या शेजारीच बसले होते. ते ओशाळले. "आजी, तुम्हाला माफ. हवी तेव्हा न्या कॅसेट."

"मना कनाला? मना येतात गानी!" आजी फणकारली. "पोरींना दे. मी गेल्यावर लगनात काय तुजा टेप लावाचा?"

मला हसू आवरेना. सुधाकररावांना मात्र ते लागलं. पुढच्या सभेत ते हट्टालाच पेटले. सिनेमांचं शुल्क राहिलं, आणि राहावंच. पण गावची गाणी पुस्तकांसारखी फुकट झाली.

हर्षालीनं कॅसेट इतकी वाजवली की तिच्या आईनं हात टेकले. वैशाखात शेजारच्या घरी लग्न निघालं, मलाही आमंत्रण होतं. मांडवात हर्षाली गात होती आणि आजी पुढ्यात बसून ऐकत होती. एका जागी पोर अडखळली, ओळ विसरली आणि स्वतःचीच एक जुळवून पुढे गेली. ती कॅसेट माझ्याही कानात बसलेली. मी धसकले, कारण आजी चूक सोडणारी नव्हे.

"आजी, सांगू का तिला?" मी हळूच विचारलं.

"नको गं," आजी म्हणाली. "आता तो धवला तिचा झाला."