परडीतल्या मातीत कुणाचं तरी दार

मंडळी, आज घटस्थापना. सकाळी मुलुंडच्या डोंगराखालच्या बांधावरून नेहमीसारखी खुरप्याने माती आणली. परडीत पसरताना वीतभर ढेकूळ हाताला लागलं. त्याला नखाएवढं गोल झाकण. मी बोट लावलं, तर कुणीतरी ते आतून ओढून घट्ट धरलं!

सूनबाई किंचाळली, "आई, फेका ते आधी!"

"थांब गं. झाकणवाल्या कोळ्याची मादी आहे ही. बिळाला मातीचं दार लावते नि जन्मभर तिथेच राहते."

एवढं मी वाचून शिकलेय. घर उपटलं की दुसरं खणणं हिला क्वचितच जमतं, हेही. म्हणून ढेकूळ डब्यात घालून तशीच परत गेले.

तर बांधच नव्हता. सकाळी लांब उभा असलेला जेसीबी तिथे घरघरत होता.

"मावशी, मागे व्हा! आज सगळं सपाट करायचंय," चालक ओरडला.

त्या मातीत अशी किती दारं असतील, देवी जाणे.

डबा देव्हाऱ्यापाशी ठेवलाय. मघाशी पुन्हा बोट लावलं. झाकण ओढलं तिने, पण सकाळइतकं घट्ट नाही. अंधार पडायच्या आत सांगा रे कुणीतरी, हिला कुठे नेऊ?