मालखान्यातला टॅबलेट

ती घटना आठवली की आजही स्वतःचाच राग येतो. बरकतपुऱ्यातल्या एका मराठी घरातली वीस-बावीस वर्षांची मुलगी. जन्मापासून बोलता येत नाही, हातपायही धड साथ देत नाहीत, डोकं मात्र तल्लख. चित्रांवर बोट टेकलं की तिचा टॅबलेट तिच्या वतीने बोलायचा. शेजारून आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला, मुलीच्या मनगटांवर वळ दिसतात.

आम्ही शिरस्त्याप्रमाणे आधी मोलकरणीला उचललं. गरिबाला उचलायला धाडस लागत नाही. दोन तास दरडावलं, तेव्हा ती रडत म्हणाली, “मैं नै मारी साब. बच्चीकूच पूछो ना!”

“वो कैसा बोलती?” मी हसलो.

“डब्बे में बोलती. तुम पूछे किधर?”

खरंच, कुणीच विचारलं नव्हतं. महिला कॉन्स्टेबलला घेऊन घरी गेलो. मुलीने थरथरत्या बोटाने एकेक चित्र शोधून दाबलं. काका. हात. दोरी. दार बंद.

आईवडील नोकरीवर गेले, मोलकरीण काम आटोपून निघाली की सख्ख्या काकाचा पत्त्यांचा अड्डा बसायचा. पुतणीची अडचण नको म्हणून तो तिला मागच्या खोलीत बांधून ठेवायचा. दोरी तिथेच सापडली. तासाभरात त्याने कबुली दिली.

मी खुशीत पंचनामा केला. दोरी जप्त केली आणि महत्त्वाचा पुरावा म्हणून टॅबलेटही.

“साहेब, तेवढा नेऊ नका. ती बोलणार कशी?” आई म्हणाली.

“आठ दिवसांत परत देतो, ताई.”

कापडात गुंडाळून लाखेचं सील ठोकलं. ठाण्यातली जप्त मालाची खोली म्हणजे मालखाना, तिथून प्रयोगशाळा, पुन्हा मालखाना असे सात महिने गेले. दरम्यान काका जामिनावर सुटला. घरचाच माणूस, जाणार कुठे, असं म्हणत वडिलांनीच त्याला घरी आणलं. मोलकरीण आमच्या धाकाने केव्हाच काम सोडून गेली होती.

कोर्टाचा हुकूम मिळाल्यावर टॅबलेट मी स्वतः नेऊन दिला. आईने चार्ज केला. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि दाबलं. काका. परत. ओढणी. दार बंद.

या वेळी वळ उठू नयेत, याची त्याने काळजी घेतली होती.

पुढे जामीन रद्द झाला, शिक्षा झाली, वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. जबाबाचं चित्रीकरण करून टॅबलेट तिच्याजवळच ठेवता आला असता, फार तर एक अर्ज करावा लागला असता. बोलत्या माणसाचा जबाब घेतल्यावर आपण त्याची जीभ जमा करत नाही, एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांच्या नोकरीत मला सुचली नाही. त्या जप्तीवर सही माझीच आहे.